बाळंतिणीच्या नावानं

मु. खांब, ता. रोहे
२० नोव्हेंबर १९६१

चि. काशीस दिनादादाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड पावसाळ्यात आलं आणि उत्तर दिवाळी सरल्यावर देतोय. रागावू नको. भात कापून खळ्यावर येईपर्यंत माझ्या हाताला पेन्सिल धरायची सवड नसते. त्यातून हात असा, की विळ्याची मूठ ओळखतो नि पेन्सिलीला बिचकतो.

बातमी गोड आहे. आपला दत्तू पोलिसात लागून वर्ष झालं, आणि आता त्याला पेणेकडे नेमलंय. ‘आपला’ म्हणतो, कारण रंभा जाईपर्यंत म्हणायची, “दत्तू अर्धा माझा, अर्धा काशीचा.” सुगी संपली की आम्ही नवराबायको तुमच्या मिठागरावर मजुरीला यायचो. त्या वर्षी रंभाला आठव्यातच कळा आल्या. झापांची खोप, पौषाची थंडी, पोर काळंनिळं, रडेना. सुईण म्हणाली, “गेलं.” तू हिरामणची नवी नवरी, हातावरची हळद उतरली नव्हती. तुमच्या घरच्या भट्टीवरची मोहाची दारू ओंजळीत घेऊन तू त्याची छाती चोळलीस, तळवे चोळलेस, आणि उघड्या पोटाशी धरून बसलीस तो रडेपर्यंत. मी बाहेर बांधावर बसून ते रडणं ऐकलं. असलं गोड गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

आता तो दारातून वाकून आत येतो, एवढा झालाय. सून शकू त्याच्याबरोबरच आहे, आणि तिला दिवस गेलेत. पौषात आठवा लागेल. पौषात गर्भारशीला हलवायची नाही, म्हणून माघात माहेरी धाडू. तोवर तुझं लक्ष असू दे.

दत्तूला म्हटलंय, काशीआत्याच्या पाया पडून ये. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो चड्डीत होता, ओळखणार नाहीस. खूण सांगतो: अडचणीत सापडला की डाव्या कानाची पाळी चोळतो. माझीच खोड, दुसऱ्या कुणाची असणार!

तुझा,
दिनानाथ

—

खाडीकाठ, वडखळच्या पुढे
३ डिसेंबर १९६१

ती. दिनादादास काशीचा नमस्कार.

तुझं पत्र मीच वाचलं, कुणाला हात लावू दिला नाय. मिठाच्या गोणीवरली अक्षरं बघत बघत शिकले, तेव्हा शेजारची पुतळी हसायची, “म्हातारी आता मामलेदार होनार गो!” होऊ दे हसू तिला. भावाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात काय गोडी?

दत्तू इतक्या जवळ आलाय हे वाचून जीव सुपाएवढा झाला. त्याला सांग, बिनघोर ये. पोलिसाला आत्याच्या घरी यायला लाज वाटावी असं आता काही राहिलं नाय. ह्यांच्या पोटात पाणी झालं, त्यातच ते गेले, तेराव्याला मी भट्टीची हंडी उचलली नि गावदेवीच्या पायरीवर फोडली. सगळा गाव बघत होता. तेव्हापासून घरात वास नाय. शेवटल्या भट्टीची एक बाटली तेवढी देवीच्या मानाची म्हणून ठेवलीय. वर्षाला दोन थेंब तिच्यापुढे, आणि थंडीत कुणी बाळंतीण अडली तर तिच्यासाठी. देवी काय, बाळंतीण काय, मला एकच.

आगराची कामं सुरू झाली. पाणी घेतलंय, बांध चोपतोय. शकूच्या बाळासाठी गोधडी घातलीय. रंभावहिनीचं एक जुनं लुगडं माझ्याकडे होतं, ते मधल्या थरात घातलंय. बाळाला आजीची ऊब मिळंल.

दत्तूला म्हणावं, सुकट आवडते ना अजून?

काशी

—

मु. खांब
७ जानेवारी १९६२

चि. काशीस आशीर्वाद.

दत्तू दोन दिवस रजेवर येऊन गेला. वालाच्या शेंगा भरल्यात, म्हणून शेतात पोपटी लावली. मडकं उपडं घालून भोवती जाळ केला, आणि शेंगा शिजेपर्यंत बापलेक बसलो गप्पा मारत. म्हटलं, “आत्याकडे गेलास का?” म्हणाला, “जाईन. काम लई असतं. आता वर्दीसुद्धा नसते बाबा, साध्या कपड्यात फिरायचं.” म्हटलं, बरं झालं, वर्दीला इस्त्रीचा खर्च नको.

पण तुझ्याबद्दल किती विचारलंन म्हणून सांगू! जन्माची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाला, “आत्या अजून करते का?” मी म्हटलं, “छट्! देवीच्या मानाची एक बाटली आहे फक्त. तू घोटभर मागितलीस तर केरसुणी घेऊन आगराच्या टोकापर्यंत पळवील. पण बाळंतिणीचं नाव काढलंस, तर बाटली काय, जीव काढून देईल.” तो हसला नाही. शेंगा सोलत बसला. म्हणाला, “जमादारसाहेब म्हणतात, केस आणली नाहीस तर शेतात परत जा.” मी म्हटलं, शेत काही वाईट नाही.

पोराला नोकरीचं ओझं झालंय. तुझ्याकडे येईल तेव्हा चार घास जास्त वाढ.

दिनानाथ

—

खाडीकाठ
२५ जानेवारी १९६२

ती. दादास नमस्कार.

आधी एक सांग. शकू कशी हाय? तिला काही झालं का? बाळ झालं का? दत्तू नोकरीवर हाय ना? उलट टपाली कळव, एक ओळ लिहिलीस तरी चालंल.

इकडं बरं नाय झालं. परवा ऊन कलताना मी आगरातून आले, पाय धूत होते. एक माणूस दारात. लुंगी, अंगावर घोंगडी, डोक्याला फडकं कपाळापर्यंत. म्हणाला, “रस्त्याच्या कामावर हाय, वडखळच्या नाक्याला. बायको बाळंत झाली. पोर रडत नाय. कुणी सांगितलं तुमच्याकडं मोहाची असते.” मी म्हटलं, “नसते. हंडी फोडली. दवाखान्यात जा.” तो गेला नाय. पुन्हा म्हणाला. मी पुन्हा हाकललं. म्हटलं, “दारुड्यांनो, बाळंतिणीचं नाव घेऊन ढोसायला मागता? तोंडाला काळं फासा.” तर उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, “आठव्यातलं हाय. निळं पडलंय.”

मग दिली मी. कशी दिली ते विचारू नको. नोट काढलीन, ती मी त्याच्या अंगावर टाकली. म्हटलं, “देवीच्या मानाची हाय, तिला किंमत नसते. पळ, आणि आधी तळवे चोळ.” त्याचा पाय निघंना. मीच ढकलला.

गोधडी घेऊन मागोमाग निघावं म्हणून आत वळले, तोवर जमादार, शिपाई नि दोन पंच आले. तो माणूस त्यांच्यात नव्हता. देवीच्या दिव्याखाली तीच नोट निघाली. खुणेची होती म्हणे. ती तिथं कशी गेली, मला ठाऊक नाय. जमादार म्हणाला, “म्हातारे, दारूबंदी आहे. बाटली ठेवलीस हा गुन्हा. दिलीस हा गुन्हा. आणि नोट घेतलीस, म्हणजे तू विकतेस.” मला गावातून चालवत नेली. पुतळी आडवी झाली तर तिला म्हणाले, तू पण चल.

आता जामिनावर घरी हाय. जामीनदार उभा राहिला. तू येऊ नको. दत्तूला तर यातलं काही कळवूच नको. पण शकूचं कळव दादा. माझा डोळा लागत नाय.

काशी

—

मु. खांब
२ फेब्रुवारी १९६२

काशी गो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोण हा मेला हरामखोर! उंदरासाठी सापळा लावतात हे मी समजतो. पण घरात निजलेल्या मांजरीच्या तोंडाशी दूध न्यायचं आणि चाटलं की ‘चोर’ म्हणून ओरडायचं, याला काय म्हणावं? आपणच मोरीला बोळा घालायचा आणि आपणच म्हणायचं, पाणी तुंबलं! तू हंडी फोडलीस तेव्हा यातला एक तरी आला होता का शाबासकी द्यायला?

शकूची काळजी तुला या गडबडीत कशी आठवली? तुझ्या मायेला काय म्हणू! शकू ठणठणीत आहे. अजून भरल्या पोटानं भाकऱ्या थापते. माघ लागला की माहेरी जाईल. परवाच दत्तूचं कार्ड आलं. त्याची केस लागली म्हणे. जमादारसाहेबांनी पाठ थोपटली, नोकरी पक्की होईल. देवीला नारळ फोडलाय त्यानं.

तू नको म्हणालीस तरी मी त्याला लिहितो. अगं, तो त्याच खात्यात आहे! तुझ्या बाजूनं दोन शब्द बोलला तर उपयोग होईल. ओळखीचा माणूस अशा वेळी नाही, तर कधी कामाला यायचा?

दिनानाथ

—

खाडीकाठ
९ फेब्रुवारी १९६२

दादा,

शकू बरी हाय हे वाचलं. बरं वाटलं.

दत्तूला लिहू नको. लिहिलं असशील तर दुसरं पत्र टाक, की आत्या म्हणते काही नको. आणि तुला तुझ्या रंभाची शपथ हाय, तारखेला कोर्टात येऊ नको. वालाची काढणी असंल, ती कर.

गोधडी तुझ्या गावच्या माणसाबरोबर पाठवलीय. शकूला दे. कुणी घातली ते सांगायची गरज नाय.

काशी

—

मु. खांब
१६ मार्च १९६२

काशी,

तू तुरुंगात आहेस. हे पत्र तुला तिथं मिळेल की नाही, माहीत नाही. मिळालं तरी वाचशील की नाही, तेही नाही.

तुझी शपथ मोडून मी आलो होतो. मागच्या बाकावर बसलो. तू मला पाहिलंस आणि पदर तोंडावर ओढलास. मला वाटलं, तुला लाज वाटली. मग साक्षीदाराला हाक मारली आणि माझा दत्तू पिंजऱ्यात उभा राहिला. तेव्हा कळलं, तू पदर कुणासाठी ओढलास.

तुझे वकील कमळाकरराव चांगले माणूस. त्यांनी विचारलं, “बाईनं पहिल्यांदा काय उत्तर दिलं?”

“नाही म्हणाली.”

“दुसऱ्यांदा?”

“तेव्हाही नाही म्हणाली.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

दत्तू डावा कान चोळायला लागला. “बायको बाळंत झाली म्हणून सांगितलं.”

“झाली होती?”

“नाही.”

“म्हणजे ती दारू विकत नव्हती. तुम्ही तिला द्यायला लावलीत. हा गुन्हा पकडला म्हणायचा, की घडवला?”

कोर्टात कुजबुज झाली. मला वाटलं, आता सुटली. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, “बाटली तिच्या घरात होती?” होती. “तिनं हातानं दिली?” दिली. “पैसे घेतले?” जमादार त्याच्याकडे बघत होता, मी पण बघत होतो. “घेतले,” म्हणाला.

मग तुला विचारलं, काही सांगायचंय का. तू म्हणालीस, “नाय साहेब. दिली.” बस्स. तीन महिने सक्तमजुरी.

बाहेर पिंपळाखाली मी त्याला गाठला. म्हटलं, “ज्या हातानं तू जगलास त्या हातात बेडी घातलीस?” तो म्हणाला, “बाबा, तुम्हीच सांगितलंत, बाळंतिणीचं नाव काढलं की देते.” खरंच होतं ते. पोपटीच्या जाळापुढे बसून, हसत हसत, मीच त्याला तुझ्या घराची कडी कशी निघते ते दाखवलं.

एक विचारू? त्यानं तुला फसवलं, हे तुला केव्हा कळलं?

दिनानाथ

—

खाडीकाठ
८ जुलै १९६२

ती. दादास नमस्कार.

सुटून आले. घर गळत होतं, पुतळीनं पेंढा घालून ठेवला होता. तुझं पत्र मिळालं होतं. आत मी ते रोज वाचत असे. तिथल्या बायकांना वाटायचं, नवऱ्याचं हाय.

तू विचारलंस, केव्हा कळलं. दादा, तो दारातून वाकला तेव्हाच मी ओळखला. फडकं कपाळावर होतं, पण हात कानाला गेला. म्हटलं, हा रंभाचा दत्तू. मग मला वाटलं, शकू अडली. आठवा लागलाच होता. पोलिसानं दारू मागायची म्हणजे नोकरी जाणार, म्हणून पोर नाव लपवतंय, वेष बदलून आत्याच्या दारात आलंय. त्याला अवघड वाटू नये म्हणून मी अनोळखी झाले. दोनदा नाय म्हटलं ते परक्याला. तिसऱ्यांदा ‘आठव्यातलं’ म्हणाला, तेव्हा मला तुझी खोप दिसली नि तीच थंडी वाजली. रंभाच्या नातवाला मी नाय म्हणू?

जमादार आला तेव्हाही वाटलं, पोर वाटेत बाटलीसकट सापडलं. त्याची नोकरी गेली आणि तिकडं बाळ गेलं. म्हणून तुला शकूचं विचारत होते. तू लिहिलंस, ठणठणीत हाय, दत्तूची पाठ थोपटली. तेव्हा कळलं.

अंगावर टाकलेली नोट त्यानं माझी पाठ वळली तेव्हा दिव्याखाली सरकवली असंल. कोर्टात सांगितलं असतं, हा माझ्या घरचा, मी ओळखून दिली, तर त्याला कुणी ठेवला असता? एकदा जगवलेलं पोर आपल्याच हातानं कसं मारायचं? तू स्वतःला बोल लावू नको. भावानं घरात बहिणीची गोष्ट सांगायची नाय, तर कुठं सांगायची?

शकूला मुलगी झाली असं ऐकलं. तिच्या अंगावर गोधडी घालतात ना?

काशी

—

मु. खांब
२८ नोव्हेंबर १९६२

चि. काशीस आशीर्वाद.

गोधडी रोज घालतात. दुसरी घातली की पोर रडते. शकूला सगळं कळलंय. तिनं नवऱ्याला एकच विचारलं, “माझं मूल पोटात असताना ते निळं पडलंय असं तुमच्या तोंडातून निघालं तरी कसं?” तेव्हापासून दत्तू मुलीला उचलून घेत नाही. नुसता पाळण्याशेजारी बसतो. नोकरी पक्की झाली, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. मला म्हणाला, “बाबा, आत्याकडे जायचंय, पण पाय उचलत नाहीत.”

मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्याच्यावाचून जेवतही नाही. बापाचं हे असं असतं.

भात झोडून झालं की आम्ही येऊ का? तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तरी राग नाही.

दिनानाथ

—

खाडीकाठ
११ जानेवारी १९६३

ती. दादास नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे नि उठायचे. पण तुला नाय सांगायचं तर कुणाला?

गेल्या आठवड्यात, अशीच ऊन कलायची वेळ. मी दारात जाळं विणत होते. एक माणूस बांधावरून धावत आला. अंगावर चिखल. म्हणाला, पलीकडच्या आगरावर मजुरीला आलोय, बायको आत्ताच बाळंत झाली, पोर थंड पडलंय, बायका म्हणाल्या काशीबाईला बोलवा.

दादा, मी जाळं खाली ठेवलं नाय. त्याला विचारलं, “कुठल्या आगरावर? मुकादम कोण? गाव कुठलं?” तो सांगत होता. मी म्हटलं, “हात दाखव.” त्यानं दाखवले. मिठानं भेगाळलेले होते, आपल्यासारखेच. तरी मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, कुठं खोटं दिसतंय का म्हणून. बांधाकडं बघितलं, मागं जमादार लपलाय का म्हणून. तो रडायला लागला तर मनात आलं, हा पण शिकवलेला असंल. म्हटलं, “माझ्याकडं बाटली नाय. सरकारनं नेली. जा.”

तो गेला. मग मी उठले. का ते ठाऊक नाय, पण उठले नि धावले. खोपीशी पोचले तेव्हा बायकांनी पोर गुंडाळून ठेवलं होतं. मुलगा होता. मी हात लावला. अजून अगदी गार झाला नव्हता.

बाटली नव्हती हे खरं. पण दत्तूच्या वेळी बाटलीनं काय केलं नि माझ्या पोटाच्या उबेनं काय केलं, कुणाला माहीत? ती ऊब तर सरकारनं नेली नव्हती. ती मी प्रश्न विचारत दारात बसवून ठेवली.

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असंल, म्हातारी चालत आली म्हणून उशीर झाला.

हे दत्तूला सांगू नको म्हणणार होते. पण सांग. त्याच्या जमादारालाही सांगता आलं तर सांगू दे. त्यांच्या वहीत माझी केस एक, निकाल लागला, संपली. हे पोर कुणाच्या वहीत लिहायचं?

तुम्ही या. तू ये, शकूला आण, नातीला गोधडीत गुंडाळून आण. थंडी हाय, कानाला फडकं बांध. पण दारापर्यंत गुपचूप येऊ नका. आता पाऊल वाजलं की मी आतून कडी घालते, नि चेहरा ओळखीचा दिसला की जास्तच भिते. बांधावरूनच हाक मारा.

दत्तूलाही आण. सुकट करीन. त्याला एवढंच सांग, डोक्याचं फडकं काढून ये, नि या खेपेला आपलं नाव सांगून हाक मार. मी दार उघडीन.

तुझी,
काशी